माथेरानची गाडी वारसा यादीच्या दारातच का उभी? – मा. रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये शिवरायांच्या काळातील बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हा आम्हा माथेरानकरांचाही ऊर भरून आला. मात्र त्याच बातमीने एक जुनी जखम उघडी पडली. दार्जिलिंगची रेल्वे १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये आणि कालका–शिमल्याची २००८ मध्ये त्या यादीत गेली. नेरळ–माथेरान गाडीचे नाव मात्र नामांकनाआधीच्या संभाव्य यादीतच पडून आहे. गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयात मला ‘प्रस्तावाचा पाठपुरावा नक्की करू’ असा शब्द मिळाला होता. परवा तिथेच गेलो, तर ‘कोणता प्रस्ताव?’ असा प्रश्न मलाच विचारण्यात आला. म्हणून हे पत्र थेट आपल्याला आणि सर्वांसमक्ष लिहीत आहे.

ही गाडी कोणा गोऱ्या साहेबाच्या तिजोरीतून उभी राहिलेली नाही. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम हाती घेतले आणि मार्च १९०७ मध्ये नेरळहून गाडी डोंगर चढू लागली. त्या काळात सुमारे सोळा लाख रुपये खर्चून एका भारतीय व्यापारी कुटुंबाने सुमारे एकवीस किलोमीटरचा घाटमार्ग बांधला, तोही रुळांमध्ये अवघे दोन फूट अंतर ठेवून. चढावर इंजिनाला पकड देणारी, निलगिरीसारखी दातेरी पट्टी इथे रुळांमध्ये नाही. केवळ चाकांच्या पकडीवर, वळणावळणांनी, जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ओलांडत ही गाडी वर येते. यादीतल्या तिघींहून तिचे वेगळेपण दाखवायला आणखी कोणता पुरावा हवा?

माझे वडील याच गाडीवर ब्रेकमन होते. दोन डब्यांच्या मधल्या जागेत बसून इंजिनाच्या शिट्टीवर ते ब्रेकचे चाक आवळत आणि सोडत. उतरताना एक शिट्टी ऐकण्यात चूक झाली तर डबा दरीत जाईल, हे त्यांना ठाऊक होते. निवृत्तीनंतर त्यांचा उजवा खांदा वर होत नसे, तळहातावरचे घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. अशा माणसांच्या अंगमेहनतीची दखल कोणत्याही फायलीत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

२६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उद्ध्वस्त केला, तो २००७ मध्ये सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर गाडी थांबली, ती पूर्ण मार्गावर धावायला २०१८ उजाडले. २०१९ च्या पावसात पुन्हा रूळ वाहून गेले आणि नेरळहून वर येणारी गाडी ऑक्टोबर २०२२ पर्यंत बंद राहिली. त्या तीन वर्षांत माझ्या चार खोल्यांच्या लॉजिंगचे कंबरडे मोडले. गुडघ्याने अधू झालेल्या आईला कर्जतला दवाखान्यात न्यायचे तर आधी दस्तुरी नाका गाठावा लागे, कारण मोटारी तिथेच थांबतात, गावात येत नाहीत. माथेरान ते अमन लॉज एवढ्याच टप्प्यात धावणाऱ्या शटल गाडीची वेळ जुळली नाही की हातरिक्षा. माझ्या आईला ओढत नेणारा माणूस तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. ती वाटभर मान खाली घालून बसायची. सर्वोच्च न्यायालयाने आता ती अमानवी प्रथा थांबवायला सांगितले आहे, हे योग्यच झाले. पण म्हणूनच रुळावरची गाडी आमच्यासाठी अधिक गरजेची ठरते.

महोदय, राग येतो तो पावसाचा नाही. रूळ एका खात्याचे, जंगल दुसऱ्याचे, पर्यटन तिसऱ्याचे. दरड वनखात्याच्या हद्दीत सुटते आणि रेल्वेच्या रुळावर येऊन पडते. मग दोन्हीकडचे साहेब एकमेकांच्या पत्राची वाट पाहत बसतात. या देशात मान मिळवण्याच्या समारंभाला सगळे हजर असतात. कड्यावरच्या गणपतीपाशी भर पावसात सैल दगड उतरवायला मात्र रूळ राखणारा गँगमनच असतो. किल्ल्यांचे तेच, लेण्यांचे तेच, आणि आमच्या गाडीचेही तेच. वारसा सांभाळणे हे कोणाचेच रोजचे काम नाही, ही आपल्या कारभाराची खरी लाज आहे.

नामांकनाचा परिपूर्ण प्रस्ताव कोण तयार करणार आणि तो केव्हा पाठवला जाणार, हे जाहीर करावे. त्यात उतारांचे मजबुतीकरण, पाण्याचा निचरा आणि दरडींची देखरेख यांची तिन्ही खात्यांना बांधील अशी योजना असावी, कारण बंद पडणाऱ्या गाडीला जगाने मान का द्यावा, या प्रश्नाला आज आपल्याकडे उत्तर नाही. पावसाळ्यानंतर गाडी सुरू होण्याची तारीख आगाऊ सांगावी आणि अमन लॉज शटलच्या वेळा ठरवताना रुग्ण आणि शाळकरी मुलांचा विचार व्हावा. तोंडी आश्वासने मी पुष्कळ ऐकली आहेत. या पत्राचे उत्तर लेखी, तारखेसह आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने मिळावे.

आपला,
माथेरानचा एक रहिवासी