घोंगडी छान, पण पन्हा किती?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीत लोकर वापरा असं सुचवणारा लेख वाचला. सोबतच्या फोटोत काळी घोंगडी भिंतीवर टांगलेली आणि खाली जमिनीवर मशीनचा पॉलिस्टर गालिचा. चकाकीवरूनच कळतं. माझं साताऱ्यात पडदे आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांनी गाद्यांपासून सुरुवात केली, आता मी चालवते. म्हणून धंद्याच्या बाजूने चार गोष्टी लिहिते.

दख्खनी मेंढीची लोकर भरड. तिचा तंतू ३० मायक्रॉनच्या वरचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मेरिनोचा २४ च्या आत. टोचते म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, आणि शालीसाठी ते बरोबरच आहे. पण बैठकीला, गालिच्याला भरड लोकरच लागते, कारण जाड तंतू दबला तरी पुन्हा उभा राहतो. उत्तर प्रदेशातल्या भदोहीचे गालिचेवाले न्यूझीलंडच्या लोकरीत बिकानेरची भरड लोकर मिसळतात ती उगाच नाही. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल ओढून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. दिवाळीत फुलबाजीची ठिणगी सोफ्यावर पडली की काय होतं ते आम्हाला दरवर्षी दिसतं. पॉलिस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि भोक पडतं. लोकर वितळत नाही. ठिणगीने तेवढ्यापुरती काळी पडते आणि विझते. तिला पेट घ्यायलाच ५७० अंशांच्या पुढे तापमान लागतं. विमानातल्या खुर्च्यांना लोकरीचं कापड घालतात त्याचं हे एक मोठं कारण.

सोफ्याला लोकर चालते का, असं लोक विचारतात. डेन्मार्कच्या डिझायनर नाना डित्सेल यांनी १९६५ मध्ये हॅलिंगडाल नावाचं कापड केलं. त्यात ७० टक्के लोकर, ३० टक्के व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा. लोकर टिकावासाठी, व्हिस्कोस रंग खुलावा म्हणून. ते आजही विकलं जातं. त्याची वीण, रंग यावर डिझाइनवाले बोलतील. मला दुकानदार म्हणून त्यातली एकच गोष्ट हेवा वाटण्याजोगी वाटते: दुसऱ्या खेपेला मागवलं तरी तेच वजन, तोच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी.

आमचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं. मध्यंतरी एका आर्किटेक्ट बाईंना अतिथीगृहातल्या खिडक्यांखालच्या बैठकांसाठी घोंगडीचंच कापड हवं होतं. म्हसवडकडच्या एका सनगर विणकराकडून मागवलं. सनगर म्हणजे घोंगड्या विणणारा समाज. माल देखणा होता, पण प्रत्येक नगाचं वजन निराळं आणि रुंदी दोन-तीन इंच मागेपुढे. सोफ्याचं कापड ५४ इंच पन्ह्याचं येतं आणि आमचे कारागीर त्याच हिशेबाने कापतात. हातमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, हातानेच फेकायचा, तर विणकराचे दोन हात पोचतात तेवढाच पन्हा. पुढच्या खेपेला काळा रंगच जुळेना, कारण काळ्या मेंढीची लोकर उन्हाने टोकाकडे तांबूस होते. शेवटी बाईंनी घोंगडीसारखं दिसणारं ॲक्रिलिक घेतलं, माझ्याकडूनच. दुकान चालवायचं असतं, विकलं.

यात विणकराचा दोष नाही. वर्षातून दोनदा कातरणी होते आणि जावळ (कोकराची पहिली लोकर), पाठीची, पोटाची, काळी, पांढरी सगळी लोकर एकाच पोत्यात भरली जाते. ती तशी भरणाऱ्या धनगरालाही काय बोलणार? किती ठिकाणी लोकरीला एवढा कमी भाव मिळतो की कातरणीची मजुरीही निघत नाही, आणि लोकर बांधावर टाकून द्यावी लागते. भाव आहे तो मटणाला. म्हणून कळपात माडग्याळ या मटणाच्या जातीच्या मेंढीचं रक्त वाढतंय आणि माडग्याळच्या अंगावर लोकर जेमतेम.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाला माझी सूचना आहे, की शालींची प्रदर्शनं भरवण्याआधी कातरणीच्या जागीच लोकर चार वेगळ्या पोत्यांत भरून घ्यावी आणि प्रत्येक पोत्याला वेगळा दर द्यावा. जावळाला जास्त द्याच. डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी मागाचे फोटो काढून जाण्यापेक्षा सनगरांसोबत बसून रुंद पन्ह्याचा माग उभा करायला मदत करावी. तोवर २७ इंचांच्या दोन पट्ट्या जोडून ५४ करता येतात. मधली शिवण लपवू नये, जाड दोऱ्याने घातली तर शोभते. आणि बुरणुसाकडे कुणी का बघत नाही? त्याला विणायचं नसतं, लोकर थापून-मळून जमवायची, मग हवी तशी कापा. हॉलमध्ये आवाज घुमू नये म्हणून हल्ली लोक भिंतीला फोमचे पॅनल लावतात. तिथे बुरणूस उत्तम चालेल.

लोकरीला कसर लागते, हेही सांगायला हवं. लपवून उपयोग नाही. पण वापरातल्या, उन्हात टाकलेल्या, झटकलेल्या लोकरीला ती सहसा लागत नाही. पेटीत दडवलेल्या घोंगडीला लागते. 'वूलन' म्हणून विकल्या जाणाऱ्या ब्लँकेटबद्दल शंका असेल तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरगळली तर लोकर. टणक मणी झाला तर पैसे परत मागा.

राहता राहिलं माझ्या दुकानाचं. एका रंगाची, एका वजनाची, दोन पट्ट्यांची घोंगडी जो विणकर दुसऱ्यांदाही तशीच देईल, त्याला पहिल्या खेपेचे निम्मे पैसे मी आगाऊ देईन. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ मात्र हलकी लावा, किंवा कापड देण्याआधी धुऊन काढा. कडक कापड बैठकीच्या कोपऱ्याला वळत नाही.

आपली,
पडदे-सोफा कापडाची एक दुकानदार, सातारा