मागे बसणाऱ्या सहा जणांसाठी

हॅनोव्हर,
रविवार, सकाळ

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही तीनदा "काय? काय?" केलंत आणि चौथ्यांदा फोन आईच्या हातात दिलात, तेव्हाच ठरवलं की हे सगळं कागदावरच लिहायचं. आईला वाचून दाखवायला लावू नका, ती दुसऱ्या पानावर भाजी चिरायला उठेल. चष्मा लावा आणि स्वतः वाचा.

काल मुन्स्टरला रणगाड्यांच्या संग्रहालयात जाऊन आले. नाव नीट वाचा, 'म्युन्स्टर' नाही. ते मोठं शहर दुसरीकडेच आहे, आणि दोन्हींत फरक फक्त एका अक्षरावरच्या दोन टिंबांचा. मी तिकीट त्या मोठ्या शहराचं काढतच होते. नगरचं तिकीट काढायला जाऊन नागरकोइलचं घेऊन यावं, तसं. खऱ्या मुन्स्टरला जायचं तर उल्टसेनला गाडी बदलावी लागते. त्याआधी उंटरल्यूस नावाचं झाडीतलं एवढंसं स्टेशन लागतं. शस्त्रं बनवणाऱ्या राइनमेटाल कंपनीचा कारखाना तिथलाच. मी ज्या गाडीबद्दल लिहिणार आहे, त्या 'पूमा'ची, म्हणजे पायदळाला आत बसवून लढणाऱ्या चिलखती गाडीची, जुळणी तिथे आणि कासेलला झाली.

मी आठवीत असताना तुम्ही मला नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये नेलं होतं. सगळी मुलं पॅटन रणगाड्याच्या तोफेला लोंबकळत होती, आणि तुम्ही मात्र प्रत्येक गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे. "तोफ सगळेच बघतात. माणूस बाहेर कुठनं पडतो ते बघ." काल मी तेच केलं. पुढून फोटो काढणाऱ्यांची गर्दी आणि मागे मी एकटी.

पहिली गाडी एचएस-30, 1950 च्या दशकातली. पायदळानं गाडीत बसून नुसतं मैदानापर्यंत जायचं नाही, गाडीतूनच लढायचं, हा जर्मनांचा दुसऱ्या महायुद्धापासूनचा हट्ट. त्यासाठी त्यांनी ही स्विस आराखड्याची गाडी घेतली. उंची जेमतेम माणसाएवढी, वर 20 मिमीची तोफ. मागे गेले आणि हसूच आलं. इंजिन मागे! त्यामुळे मागे धड दारच नाही. जवानांनी छताच्या झडपा उघडून, वर चढून, गोळ्यांच्या समोर उड्या टाकायच्या. तुम्ही ते पाहून जो शब्द उच्चारला असता तो इथे लिहीत नाही. इंजिन पेट्रोलवरचं, रोल्स-रॉइसचं, वजनाच्या मानानं अशक्त. पुढे या खरेदीत लाच खाल्ल्याच्या आरोपांवरून संसदेला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणजे त्याही बाबतीत हे लोक आपल्यासारखेच.

शेजारीच तिची सून उभी, 'मार्डर'. 1971 पासून सेवेत. मार्डर हा इथला एक प्राणी, मुंगसाच्या वळणाचा, मांजराएवढा. रात्री गाड्यांच्या बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांची गाडी त्यानं दोनदा बंद पाडली आहे, आणि त्यासाठी विमाही मिळतो! चिलखती गाडीला हे नाव देणाऱ्याच्या दारात बहुधा गाडी उभी नसावी.

मार्डर पाहून तुम्हाला घरी आल्यासारखं वाटलं असतं. इंजिन पुढे उजवीकडे, ड्रायव्हर पुढे डावीकडे, तुम्ही फौजेत ज्यात बसायचात त्या सारथसारखंच, म्हणजे आपल्याकडे बनलेल्या सोव्हिएत बीएमपी-2 सारखं. मागे जवान पाठीला पाठ लावून, तोंड बाहेर, आणि भिंतीत बंदूक काढायची भोकं. तेही तुमच्यासारखंच. फरक मागच्या दाराचा. तुमच्या बीएमपीची मागची दारं म्हणजेच डिझेलच्या टाक्या. लहानपणी तुम्ही हे सांगितलं होतं तेव्हा मला ती फार हुशारीची युक्ती वाटली होती. मार्डरला मागे एक रॅम्प आहे, तो खाली पडतो आणि माणसं चालत बाहेर येतात. रॅम्पच्या दोन्ही बाजूंना रेडिएटर. दुसरा फरक तोफेचा. 20 मिमीची तोफ टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, आत नाही, डोक्यावर बाहेर बसवली आहे, म्हणजे बारचा धूर आत कोंडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

मार्डर साधारण 28 टनांवर जन्मली आणि चिलखत वाढवत वाढवत 35 च्या पुढे गेली. मधल्या एका सुधारणेत ती भिंतीतली भोकंही जाड पत्र्याखाली गेली. धावत्या गाडीतून भोकातून नेम लागत नाही, हे तुम्ही मला फुकट सांगितलं असतं.

आता पूमा. ती मी जूनमध्येच पाहिली होती. वर्षातून एकदा इथलं सैन्य छावण्यांची दारं लोकांसाठी उघडतं, लहान मुलांना खांद्यावर घेऊन आईबाप येतात, सॉसेज खातात आणि रणगाड्यावर चढतात. रॅम्प उघडा होता. आत वाकून पाहिलं, तर टरेटखाली जिथे माणसांचे पाय दिसायला हवेत तिथे पायच नाहीत. टरेट रिकामा! तोफ वर एकटी, आणि गनर, कमांडर दोघंही खाली, गाडीच्या पोटात शेजारी शेजारी, पडद्यांसमोर. मार्डरमध्ये फक्त तोफ बाहेर काढली होती, इथे तिच्यासोबतची माणसंही खाली काढून घेतली. टरेटवर फटका बसला तरी तिथे मरायला कोणी नाही. शिवाय कमांडरनं मान वळवली की मागची सहा माणसं त्याला दिसतात. तुम्ही नेहमी म्हणायचात ना, टरेटमधून मागच्या सेक्शनला सांगायचं तर ओरडून घसा बसतो?

तुमची हरकत मला इथूनच ऐकू येते आहे: "आणि गोळ्यांचा पट्टा अडकला तर?" खरं आहे. तोफ माणसाच्या हाताशी नाही. कॅमेऱ्यावर धूळ बसली तर डोळाच गेला. म्हणूनच कमांडरला डोकं बाहेर काढायला झडप ठेवली आहे. एवढ्या संगणकांनंतरही.

तोफ 30 मिमीची, सारथच्याच मापाची. पण करामत गोळ्यात आहे. नळीच्या टोकाला एक जाडजूड डबा दिसतो. लेझरनं अंतर मोजलं जातं, आणि गोळा त्या डब्यातून बाहेर पडता पडता त्याला तारेच्या वेटोळ्यातून निरोप मिळतो, इतक्या वेळानं फूट. खंदकाच्या किंवा खिडकीच्या बरोबर वर पोचला की तो फुटतो आणि पुढे टंगस्टनचे दीडशेहून जास्त तुकडे सोडतो. बांधाआड बसलेल्याला बांध उपयोगाचा राहत नाही. दुसऱ्या पट्ट्यात चिलखत भेदणारे बाण. मारा मिनिटाला सुमारे दोनशे गोळ्यांचा, तुमच्या तोफेच्या मानानं संथच, पण इथे एकेक गोळा मोजूनमापून टाकायचा आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त वेळ चाकांपाशी लागला. (इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे वसूल.) बीएमपीत टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पिळले जाणारे पोलादी दांडे, गाडीच्या तळातून आडवे जातात, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट बैठकीत आणि बैठकीतून मणक्यात. पूमात चाकं गाडीच्या पोटाला थेट जोडलेलीच नाहीत. दोन्ही बाजूंना वेगळ्या चौकटी, त्यांवर वायू-तेलाचं सस्पेन्शन, आणि त्या चौकटी लवचीक आधारांवर गाडीला लावलेल्या. ट्रॅकची खडखड आणि कंपनं त्या आधारांतच बरीचशी जिरतात. डिझेलच्या मुख्य टाक्याही त्या बाहेरच्या चौकटींमध्येच ठेवल्या आहेत, माणसांपासून दूर. मी ते पाहत उभी होते आणि मला तुमचा कान आठवला. तुम्ही म्हणता वय झालं. असेल. पण गाडीपाशी उभ्या असलेल्या शिपायाला मी विचारलं, आत बोललेलं ऐकू येतं का? तो म्हणाला, येतं, हेडसेट काढला तरी बऱ्यापैकी. यापुढचं मला काही लिहिता येत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग बिघडलं कुठे? वजनात. ठरवलं होतं की ही गाडी ए400एम या लष्करी मालवाहू विमानात मावली पाहिजे. म्हणून उघडी पूमा साडेएकतीस टनांच्या आत बसवली आणि जादा चिलखत वेगळं ठेवलं. तीन विमानांत तीन पूमा, चौथ्यात त्या तिघींची चिलखतं, असा हिशोब. चिलखत चढवलं की वजन 43 टन. बाबा, टी-72 पेक्षा जास्त! नमुन्याच्या गाडीला बाजूला पाच-पाच चाकं होती, ती पुढे सहा-सहा करावी लागली. ओढायला 1,090 अश्वशक्तीचं इंजिन आहे, आकारानं लहानसं. दर टनामागे किती अश्वशक्ती पडते ते मी काढलं: सारथला सुमारे 21, चिलखत चढवलेल्या पूमाला 25. म्हणजे एवढं वजन घेऊनही ती तुमच्यापेक्षा चपळ. पण पोहत नाही. सारथ चौदा टनांची, कालव्यात उतरली की बदकासारखी पलीकडे. ही उतरली तर तळाशीच बसेल.

आणि भानगडी. 2009 मध्ये 405 गाड्यांची मागणी, सुमारे 3.1 अब्ज युरो. नंतर संख्या 350 वर आली. 2015 मध्ये पहिल्या गाड्या सैन्याला मिळाल्या. मग डिसेंबर 2022. नाटोच्या शीघ्र दलात जायचं म्हणून 18 पूमा सरावाला नेल्या आणि सराव संपेपर्यंत 18 पैकी 18 बंद! डिव्हिजनच्या सेनापतीचं अंतर्गत पत्र फुटलं, पेपरात गदारोळ, नवीन खरेदी थांबवली. नंतर तपासल्यावर बहुतेक बिघाड किरकोळ निघाले. पण तोवर दलात कोणाला पाठवायचं ठरलं? मार्डरला. पन्नाशी ओलांडलेल्या सासूबाईंना! त्याच सुमारास, जानेवारी 2023 मध्ये, जर्मनीनं युक्रेनलाही मार्डरच द्यायच्या ठरवल्या. पुढे पूमाच्या आणखी 50 गाड्या मागवल्या गेल्या, म्हणजे विश्वास अगदीच उडालेला नाही.

माझं मत विचाराल तर पूमा बनवणाऱ्यांनी मागच्या माणसाचा इतका विचार केला की ती गाडी चिखलात, स्पॅनर घेऊन, अंधारात दुरुस्त करणाऱ्या माणसाला विसरले. सारथचं अर्ध दुखणं तुम्ही हातोड्यानं काढायचात, असं पाटीलकाका सांगायचे. इथे हातोडा मारावा अशी जागाच दिसली नाही. पण बसायचं कुठे, असं मला विचारलं तर पूमात. तुम्ही कुठे बसाल ते लिहून कळवा. "जिथे बसवतील तिथे" हे उत्तर चालणार नाही.

संग्रहालयाच्या दुकानातून एक छोटी मार्डर घेतली आहे. पुण्याचे जोशी पुढच्या महिन्यात येतात, त्यांच्याबरोबर पाठवते. आईला म्हणावं, त्यांच्याच हाती लसणाची चटणी दे, तेल कमी घालून, मागच्या वेळी पिशवीतले सगळे कपडे लाल झाले होते.

कानाचं यंत्र लावत चला.

तुमची,
मनू

ता. क. त्या छोट्या मार्डरचा रॅम्प खरंच उघडतो, पण बिजागरी नाजूक आहे. चिंटूच्या हाती देऊ नका. आधी तुम्ही बघा.