स्कूटरवाल्यांनी ऐकायचं कसं?

संपादक महोदय,

गोव्यात ड्राइव्ह-इन थिएटर (गाडीत बसूनच उघड्यावर सिनेमा पाहायची जागा) हवं, असा विषय निघाला की सगळे पडद्याबद्दल बोलतात. खरी गोम आवाजात आहे. १९३३ साली अमेरिकेत कॅम्डेनजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू झालं, तेव्हा आवाज पडद्याजवळच्या भोंग्यांतून यायचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोपमोड. पुढे गाडीच्या काचेला अडकवायचे स्पीकर आले (काही महाभाग ते वायरसकट घरी न्यायचे!), मग आवाज एफएमवरून थेट गाडीच्या रेडिओत येऊ लागला. २०१३च्या सुमारास रिळं मिळेनाशी होऊ लागली आणि महागडे डिजिटल प्रोजेक्टर न परवडल्याने काही ड्राइव्ह-इननी गाशा गुंडाळला.

आमच्या म्हापशात घरोघरी स्कूटर. तिला एफएम कुठून आणायचा? नव्या मोबाइलांतूनही तो गायब होत चाललाय. गेल्या मे महिन्यात आमच्या वाड्यावर देवळाच्या पटांगणात सिनेमा दाखवला. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलायचे, शब्द मागून यायचे. म्हातारी मंडळी मध्येच उठून गेली.

गोव्यात नोव्हेंबरात भरणाऱ्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात उघड्यावर खेळ होतात, तिथे वाय-फायवरून इअरफोनमध्ये आवाज देऊन पाहावा. नोव्हेंबर बरा, जूनमध्ये वायपर चालू ठेवून सिनेमा कोण बघणार?

– एक वाचक, म्हापसा