बाई, तुम्ही माझ्या घराकडून दोन तास मागून घेतलेत

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

दहावी पास झाले हे तुम्हाला फोनवर सांगितलं, पण त्या दिवशी रडू आवरेना, धड बोलताच आलं नाही. शिवाय तुमचे आभार असे एकटीने मानून माझं समाधान होणार नाही. तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

लालबागच्या आमच्या चाळीत तुम्ही बायकांसाठी दहावीचा क्लास सुरू केलात तेव्हा मी दोन मुलांची आई होते, पोळीभाजी केंद्रात कामाला जात होते आणि आठवीनंतर सुटलेली शाळा मनातून पार पुसली गेली होती. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आहे. त्या वयापुढे गेलेल्या बाईला परत या म्हणायला कोणी दारात येत नाही. तुम्ही आलात.

आणि आल्यावर मला काही विचारलंच नाहीत! सासूबाईंच्या शेजारी बसलात, चहा घेतलात आणि त्यांना म्हणालात, "आई, हिला संध्याकाळी सात ते नऊ मोकळं ठेवायचं, तर घरात काय काय अडेल?" सासूबाई एकेक सांगत गेल्या: भाकऱ्या, कुकर, भांडी, धाकट्याचा अभ्यास, मामंजींचं औषध. तुम्ही ते सगळं वहीच्या पानावर उतरवलंत आणि प्रत्येकापुढे कोण करणार ते त्यांनाच विचारून लिहिलंत. भाकऱ्या सासूबाई. कुकर थोरला. भांडी आमच्या ह्यांच्याकडे गेली, तेव्हा घरात थोडा वेळ कोणी बोललं नाही. तुम्हीही बोलला नाहीत, उठलाही नाहीत. शेवटी हेच म्हणाले, "करीन मी."

बायकांनी शिकावं असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिचा वेळ कोणाच्या ताब्यात आहे, याची चौकशी करणारं तुमच्याआधी मला कोणी भेटलं नव्हतं.

ही रीत कोणाकडून घेतलीत, ते पुढे तुमच्या तोंडून पंडिता रमाबाई ऐकताना कळलं. क्लास संपता संपता तुम्ही त्यांचं आयुष्य थोडं थोडं सांगायचात. आईवडील दुष्काळात गेले, कोलकात्यात विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला, पदरी लहानगी मनोरमा. त्याच १८८२ साली, शिक्षणाची पाहणी करायला इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे उभं राहून त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, बायकांना वैद्यकीचं शिक्षण द्या, असं सांगितलं. मग ११ मार्च १८८९ला आपल्या मुंबईत, चौपाटीजवळ, शारदा सदन काढलं. नुसती शाळा काढली असती तर विधवा मुली आल्या नसत्या, हे तुम्ही आम्हाला पुन्हा पुन्हा समजावलंत. शाळेत येणारी मुलगी रात्री त्याच घरी परतणार, जिथे तिला अपशकुनी म्हणतात. म्हणून रमाबाईंनी राहायला जागा दिली, दोन वेळचं जेवण दिलं, आणि अभ्यासाला निवांतपणा.

तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. बालपणीच विधवा झालेल्या, विशी उलटल्यावर तिथे शिकायला आलेल्या. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. "तेवढ्या वयात त्या बसल्या, तू का नाही बसणार?" हे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत! महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेच आज चर्चगेटला एसएनडीटी म्हणून उभं आहे. तुम्ही तिथल्याच पदवीधर. चौपाटी ते चर्चगेट हे अंतर तुम्ही ज्या अभिमानाने सांगायचात, तो अभिमान आता मलाही वाटतो.

तुम्ही अवघड भागही वगळला नाहीत. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदन पुण्याला गेल्यावर १८९३ साली तिथल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय या आरोपावरून वाद पेटला, रानडे आणि भांडारकर हे समाजसुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. आमच्यातल्या एकीने विचारलं, मग चूक कोणाची? तुम्ही दोन्ही बाजू मांडल्यात आणि आम्हाला वाद घालू दिलात. शाळेत असताना असा वाद आम्हाला कोणी घालू दिला नव्हता.

गणिताला मी घाबरत होते. तुम्ही विचारलंत, एका किलो पिठाच्या ४० पोळ्या होतात, मग २२५ पोळ्यांना पीठ किती? मी तोंडीच साडेपाच किलोच्या थोडं वर म्हणाले. तुम्ही पाटीवर मांडलंत: ५ किलो ६२५ ग्रॅम. "हे गुणोत्तर-प्रमाण तू रोज करतेस," म्हणालात. त्या संध्याकाळपासून बीजगणिताची भीती गेली, भूमितीची मात्र परीक्षेपर्यंत राहिली.

बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, गावच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, या सगळ्यात माझ्याबरोबर तुम्ही गुडघे दुखत असताना जिने चढलात. एका कार्यालयात "या वयात कशाला?" असं विचारलं गेलं, तेव्हा मी मान खाली घातली होती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "फॉर्ममध्ये वयाची कमाल मर्यादा कुठे लिहिली आहे, दाखवा." फॉर्म घेतला गेला.

बाई, तुमचे उपकार मी विसरणार नाही. अकरावीला रात्रशाळेत नाव घालतेय. धाकट्या जाऊबाईंनाही दहावीला बसायचंय. त्यांच्या घरी तेच वहीचं पान मांडायला येत्या रविवारी मी जाणार आहे, सासूबाई माझ्याबरोबर येतायत. तुम्हाला जमलं तर तुम्हीही या.

आपली विद्यार्थिनी,
लालबाग, मुंबई