हानलेच्या आचे-लेंना, अंधार राखल्याबद्दल

प्रिय आचे-ले (म्हणजे आमच्याकडे ताई),

जुले!

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितोय. हिंदीतले आभार त्या सकाळी गाडीत बसताना घाईघाईत मानून झाले, ते मला पुरले नाहीत. शिवाय इकडून दर उन्हाळ्यात गाड्या भरभरून माणसं लडाखला येतात, त्यांच्याही नजरेला हे पडावं. तुमच्या घरी उतरलेला कुणी मराठी पाहुणा पत्र वाचून दाखवील.

आधी पहिल्या रात्रीबद्दल. आम्ही चौघे शिक्षक लेहला दोनच रात्री काढून हानले गाठायला निघालो, तीच चूक होती. तुमचं गाव समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर. संध्याकाळी माझं डोकं ठणकायला लागलं, जेवण पोटात ठरेना. अंगणात पाहुण्यांना आकाश दाखवायची तुमची आठ इंची दुर्बीण तयार उभी होती आणि मी जॅकेट चढवून निघालो होतो. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात. बोटाला ऑक्सिमीटर लावलात, आकडा बघितलात आणि काही न बोलता माझे बूट उचलून आतल्या खोलीत ठेवून आलात. "तारे उद्याही आहेत, सर-ले."

मग लसणाचं गरम सूप, बुखारीत पुन्हा पुन्हा सरकवलेली लाकडं. दर तासाभराने उठून मला विचारत होतात, तुमचं गाव कुठलं, शाळेत मुलं किती. मला वाटलं, जाग्याच आहेत तर गप्पा मारताहेत. माझं डोकं ठिकाणावर आहे ना, याची ती परीक्षा होती, हे सकाळी कळलं. उतार पडला नाही तर उजाडायच्या आत खाली निघायचं, असं गाडीवाल्यालाही बजावून ठेवलं होतंत. पहाटे ठणका ओसरला. मी झोपल्यावरच तुम्ही झोपलात. स्वतःच्या घरचं माणूस असतं तरी कुणी याहून जास्त काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी हळूहळू, थांबत थांबत तुम्ही आम्हाला टेकडीवर नेलंत. खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांच्या नावाची ती दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण मी मुलांना फळ्यावर कितीदा काढून दाखवली होती! तिने पहिल्यांदा आकाश पाहिलं सप्टेंबर 2000 मध्ये. रात्री घुमट उघडतो, आरसा वळतो, आणि ते चालवणारी माणसं बसलेली असतात बंगळूरजवळ होसकोटेला. मध्ये दुवा उपग्रहाचा. शेजारी ग्रोथ-इंडियाची लहान दुर्बीण. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ही दुर्बीण 2018 पासून स्वतःची स्वतःच चालते. खाली सपाटीवर भाभा अणुसंशोधन केंद्राची 21 मीटर व्यासाची आरशांची प्रचंड ताटली, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही हात लागलेल्या गॅमा किरणांचा वेध घेणाऱ्या सात दुर्बिणी. तुर्भे, कुलाबा, पवई. आमच्या मुंबईचे हे पत्ते तुमच्या टेकडीच्या अंगाखांद्यावर बघून ऊर भरून आला.

पण हे पत्र त्या आरशांसाठी नाही. ते त्या रात्री नवाच्या सुमाराला जे घडलं त्यासाठी आहे.

अंगणातले दिवे मालवलेले, खिडक्यांवर जाड पडदे, तुमच्या टॉर्चला लाल कागद. तुम्ही आम्हाला अर्धा तास नुसतं बसवून ठेवलंत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. आकाशगंगा आधी ढगासारखी वाटली, मग तिच्यात काळ्या फटी दिसायला लागल्या. शर्मिष्ठेखाली देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश! आणि नेमक्या त्याच वेळी आमच्यातल्या एकाने सामान काढायला गाडी सुरू केली. हेडलाइटचा पांढरा झोत अंगण ओलांडून थेट टेकडीच्या दिशेने गेला.

तुम्ही ओरडला नाहीत. उठलात, चालत गेलात, अंगावरची शाल काढून एका दिव्यावर टाकलीत आणि दुसऱ्यासमोर पाठ करून उभ्या राहिलात, तो बंद होईपर्यंत. थंडीत तशाच, शालीवाचून. परत येऊन फक्त म्हणालात, "वर काम चालू आहे."

त्या चार शब्दांनी मला पुस्तकांनी शिकवलं नव्हतं ते शिकवलं. 19 मे 2023 ला जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम 101 या दीर्घिकेत नवा तेजस्वी ठिपका दिसला. सप्तर्षींतले वसिष्ठ आणि मरीची यांच्याजवळची ही दीर्घिका, सुमारे दोन कोटी प्रकाशवर्षं दूर. तो अतिनवतारा होता, म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा. त्याच्यावर डोळा लावून बसलेल्या दुर्बिणींत तुमच्या टेकडीवरच्या हिमालयन चंद्रा आणि ग्रोथ-इंडिया या दोन्ही होत्या. सुरुवातीच्या वर्णपटात काही अरुंद रेषा होत्या, त्या आठवड्याभरात विरून गेल्या. त्यांवरून कळलं, की मरण्याआधी त्या ताऱ्याने स्वतःभोवती वायूचं दाट आवरण टाकलेलं होतं आणि स्फोटाचा लोट त्यातून वाट काढत गेला. त्या रेषा मोजायला मोजक्याच रात्री हातात होत्या. दोन कोटी वर्षं चालून आलेला तो प्रकाश अगदी शेवटी तुमच्या छपरांवरून गेला, आणि त्या छपरांखाली पडदे ओढलेले होते.

डिसेंबर 2022 मध्ये वेधशाळेभोवतीचा 1073 चौरस किलोमीटरचा मुलूख अंधाराचं राखीव क्षेत्र झाला. राखीव जंगलाला वनरक्षक असतात, तशा इथे तुम्ही. गावागावांतून निवडून प्रशिक्षण दिलेले तुम्ही सगळे खगोलदूत, त्यांत बायकाच जास्त. घरोघरी जाऊन दिव्यांना झापा लावायला सांगणं, पाहुण्यांना थोपवणं, रात्री गाडी आली की रस्त्यावर जाऊन उभं राहणं. शोधनिबंधावर या कामाचं नाव येत नाही. माझ्या मते यायला हवं.

आणि मुठींचं राहिलंच. हात पुढे ताणून मुठीवर मूठ ठेवत क्षितिजापासून ध्रुवापर्यंत मोजायला तुम्ही शिकवलंत. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. तुमच्याकडे तीन मुठी आणि वर दीड-दोन बोटं भरली. तेवढाच हानलेचा अक्षांश. इतकी वर्षं मी अक्षांश शिकवतोय, नकाशावर बोट ठेवून. परत आल्यावर सातवीच्या मुलांना शाळेच्या गच्चीवर नेलं. दोन मुठींना एक बोट कमी. एका मुलीने विचारलं, "म्हणजे सर, आपण चालत उत्तरेला गेलो तर ध्रुव वर चढत जाईल?" तिला तुमच्याबद्दल सांगितलं. गच्चीवर जाण्याआधी मुलांनी आपण होऊन जिन्यातला आणि व्हरांड्यातला दिवा बंद केला होता. आता शेजारच्या दोन घरांनाही ती जाऊन सांगतात.

तुम्ही म्हणाला होतात, अगस्त्य तुम्हाला कधी नीट दिसला नाही, दक्षिणेचे डोंगर आड येतात. आमच्याकडे फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमाराला तो दक्षिणेला जवळजवळ दोन मुठी वर असतो, व्याधाच्या खाली, ठसठशीत. तुमच्याकडे तेव्हा सगळं गोठलेलं असतं, पाहुणेही कमी. घरच्यांना घेऊन या. साताऱ्यापासून आमचं गाव तासाभरावर आहे. माळरानावरच्या त्या एका दिव्याबद्दल ग्रामपंचायतीशी बोलून ठेवलंय.

तुमचा,
सर-ले