छोट्या गाडीच्या पॉलिसीत चालवणारा कुठे असतो?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात टू व्हीलरच्या इन्शुरन्सवर एक छोटा लेख आला होता, सगळ्यात कमी प्रीमियमची पॉलिसी घरबसल्या दोन मिनिटांत कशी काढायची ते त्यात दिलं होतं. लेखात चुकीचं असं काही नव्हतं, पण ती स्वस्त पॉलिसी कोणाला कव्हर करते आणि कोणाला करत नाही ह्यावर एक ओळसुद्धा नव्हती, आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळे आमच्या घरात काय झालं ते मला लिहायचंय. पत्र लांबलंय, पण जमलं तर कापू नका ही विनंती.

माझ्या मावसभावाकडे 125 सीसीची गाडी आहे, तीन वर्षं जुनी. कामाला जायला तीच, पोरांना सोडायला तीच. पॉलिसी संपायच्या आदल्या रात्री त्याने मोबाईलवर यादी उघडली, कमी पैशांची सगळ्यात वर येईल अशी लावली, पहिली दिसली ती घेतली, प्रिंट काढून सीटखाली ठेवली आणि विषय संपला. दोन महिन्यांनी एका वळणावर बारीक खडी सांडलेली होती, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला गेला आणि गाडी आडवी झाली. समोरून कोणी येत नव्हतं, मागे कोणी नव्हतं, कोणाची गाडी ठोकली नाही की कोणाला लागलं नाही. लागलं ते ह्या दोघांनाच. त्याचं मनगट मोडलं, मागे बसलेल्या बायकोचा कोपर फ्रॅक्चर झाला, गाडीचा हँडल वाकला, पुढचं मडगार्ड आणि हेडलाईट फुटला.

तरी आम्ही सगळे बऱ्यापैकी निर्धास्त होतो, इन्शुरन्स आहे ना म्हणून. त्याच्या हाताला प्लास्टर, म्हणून कागद घेऊन मीच त्याच्याबरोबर ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी पॉलिसी बघितली आणि बिचाऱ्या दोन क्षण काही बोलल्याच नाहीत, मग पहिल्या पानावरच्या एका शब्दावर पेन टेकवून म्हणाल्या, "दादा, ही फक्त थर्ड पार्टी आहे, ह्यात तुमचं काहीच येत नाही." मावसभाऊ म्हणाला, मॅडम पण मी तर पैसे भरलेत. तो त्यांच्याशी भांडत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलापण नीट माहीत नव्हतं की तो थर्ड म्हणजे नक्की कोण.

तर पहिला म्हणजे पॉलिसी घेणारा, दुसरी कंपनी, आणि तिसरा म्हणजे आपल्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो. रस्त्याने चालणारा माणूस, समोरची गाडी, कोणाची तरी भिंत. आपण ज्याचे पैसे भरतो त्यात आपण स्वतःच नसतो. कायद्याने हा विमा सक्तीचा केला तोच मुळी बाहेरच्या माणसासाठी. ब्रिटनमध्ये 1930 च्या रोड ट्रॅफिक ॲक्टने ही सक्ती आली, कारण ठोकर मारणाऱ्याच्या खिशात पैसेच नसले तर कोर्टात जिंकून पण जखमीच्या हातात काही येत नव्हतं. हेतू चांगलाच होता. पण गाडीत किंवा गाडीवर बरोबर बसलेल्या माणसाचा विमा तिथे सक्तीचा व्हायला 1972 साल उजाडावं लागलं, म्हणजे चाळीस वर्षं वर गेली. आजसुद्धा मागे बसलेल्याचं काय हा प्रश्न सगळीकडे सारखा सुटलेला नाही, कुठे कायद्यातच तो धरलेला असतो, कुठे वेगळे पैसे भरले तरच. म्हणून पॉलिसी हातात आली की पिलियन, म्हणजे मागे बसणारा, हा शब्द त्यात आहे का हे आधी शोधा असं मी आता भेटेल त्याला सांगतो. बायको, पोरं, म्हातारे आईवडील, मागे आपलंच माणूस बसलेलं असतं.

आता किमतीबद्दल. छोटी गाडी म्हणून विमा पण छोटा असं आपल्या डोक्यात बसलंय. थर्ड पार्टीचा दर बऱ्याच ठिकाणी इंजिनच्या सीसीवर ठरतो, सीसी कमी तर दर कमी, कारण हलकी आणि कमी वेगाची गाडी दुसऱ्याचं नुकसान कमी करते असा हिशोब. हे दुसऱ्याच्या नुकसानीपुरतं बरोबर आहे. पण चालवणाऱ्याच्या बाजूने बघा ना, अंगाभोवती पत्रा नाही, बेल्ट नाही, एअरबॅग नाही, 100 सीसीवरून पडलं काय आणि 500 वरून पडलं काय, हाड तेच आणि रस्ता तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2021 मध्ये जगात रस्त्यांवर सुमारे 11 लाख 90 हजार माणसं गेली आणि त्यातली जवळपास 21 टक्के दुचाकी-तीनचाकीवरची होती. ज्याला स्वतःला सगळ्यात जास्त लागायची भीती, त्याच्याकडेच स्वतःसाठी काही नसलेली पॉलिसी असते. मला ह्याचा फार त्रास होतो म्हणून लिहितोय.

न्यूझीलंडने ह्यावर वेगळा मार्ग काढला, तिथे 1974 पासून अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न बघता जखमीच्या उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारी योजनेतून मिळतो, आणि गाडीवाल्याचा त्यातला वाटा गाडीच्या लायसन्स फीबरोबरच घेतात. एकटा घसरून पडला तरी तो त्यात धरलेला असतो. सगळीकडे असं लगेच होणार नाही हे कळतं मला, पण करता येतं एवढं तरी त्यातून दिसतं. आणि जर्मनीतल्या 50 सीसीच्या मोपेडची एक गोष्ट मला फार आवडली, तिथे विम्याची वेगळी छोटी नंबरप्लेटच असते, दरवर्षी 1 मार्चला नवी, आणि रंग बदलतो, काळा निळा हिरवा असा आलटून पालटून, त्यामुळे ह्या वर्षीचा विमा आहे की नाही ते लांबूनच कळतं. सीटखाली घडी घालून ठेवलेल्या कागदाची ही गत नाही.

मग सरळ फुल इन्शुरन्स, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानपण धरणारा, घ्यावा का, तर तिथेपण डोळे उघडे ठेवूनच. माझा स्वतःचा फुल आहे. गेल्या वर्षी पार्किंगमध्ये गाडी पडली, एका बाजूचं प्लास्टिक, आरसा, इंडिकेटर आणि क्लच लिव्हर गेलं. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने दिलेला कागद अजून माझ्याकडे आहे, त्यात पार्टच्या नावापुढे तीन रकाने, पार्टची किंमत, झीज म्हणून कापलेले, आणि मिळणारे. प्लास्टिकच्या प्रत्येक पार्टपुढे मधल्या रकान्यात अर्धी किंमत. आता छोट्या गाडीला बाहेरून असतं तरी काय, निम्मं तर प्लास्टिकच. त्यात पुन्हा क्लेममधली पहिली ठरलेली रक्कम आपणच भरायची असते, ती वेगळी. हे सगळं जाऊन हातात येणार होतं बिलाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, आणि तेवढ्यासाठी क्लेम घेतला असता तर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जाऊन पुढच्या वर्षीचा प्रीमियम वाढला असता. शेवटी मी क्लेम मागे घेतला आणि गॅरेजवाल्याला खिशातून पैसे दिले. लहान नुकसानीला असा हिशोब आधी मांडून बघा, सरसकट क्लेम करत सुटू नका. झीज न कापणारं जोड कव्हर मिळतं, झिरो डेप म्हणतात त्याला, गाडी नवी असेल तर जास्तीचे पैसे भरून ते घेण्यासारखं आहे, जुन्या गाडीला बहुतेक ठिकाणी देतच नाहीत.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. स्वस्त गाडीचे पार्ट त्या मानाने स्वस्त नसतात. चासी वाकली, पुढचे फोर्क गेले, इंजिनचं केसिंग फुटलं की दुरुस्तीचं बिल गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जातं, आणि मग कंपनी दुरुस्तीला पैसे न देता गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्णच गेली असं, धरते. पैसे मिळतात ते त्या वर्षी पॉलिसीत लिहिलेल्या किमतीएवढे, घेतली तेव्हाच्या किमतीएवढे नाही. गाडी लोनवर असली आणि हप्ते त्याहून जास्त बाकी असले तर गाडी गेली तरी हप्ते चालूच. म्हणून प्रीमियम कमी दिसावा म्हणून कोणी गाडीची किंमत कमी लिहून देत असेल तर नको म्हणा, वाचतात ते थोडे आणि जातात ते फार. चोरीच्या वेळी पण हीच किंमत बघतात, आणि छोटी गाडी चोरायला किल्ली तरी कशाला लागते, दोन माणसं उचलून टेम्पोत टाकतात. चोरीनंतर कंपन्या पोलिसांचा कागद आणि गाडीच्या सगळ्या ओरिजिनल किल्ल्या मागतात, दुसरी किल्ली घरात कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

सगळ्यात जास्त काळजी मला डिलिव्हरीवाल्या पोरांची वाटते. सकाळ-संध्याकाळ जी पोरं आपल्या दारात पार्सल घेऊन येतात त्यातल्या किती जणांच्या गाडीची पॉलिसी घरगुती वापराची असेल देव जाणे. साध्या पॉलिसीत भाड्याने किंवा धंद्यासाठी गाडी वापरायला बहुतेक वेळा मनाई लिहिलेली असते. म्हणजे पोरगं पार्सल घेऊन जात असताना काही झालं तर त्याच कलमावर बोट ठेवून क्लेम नाकारता येतो, आणि वर्षभर इमानदारीने भरलेला प्रीमियम पाण्यात. कामावर ठेवणाऱ्यांनी गाडी तुझी, पेट्रोल तुझं, विमा पण तुझा बघून घे, असं म्हणून चालणार नाही. पहिल्या दिवशी हेल्मेट आणि लायसन्स बघतात तशीच पॉलिसी बघा, आणि धंद्याचा वापर त्यात लिहून घ्यायला जो जास्तीचा प्रीमियम पडेल तो तुम्ही भरा.

माझं मागणं फार नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, नावाच्या खाली, मोठ्या अक्षरात चार प्रश्नांची हो किंवा नाही अशी उत्तरं छापा. गाडी चालवणाऱ्याला लागलं तर मिळणार का, मागे बसलेल्याला लागलं तर मिळणार का, स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळणार का, कामधंद्यासाठी वापरली तर चालणार का. बाकीची सगळी पानं आहेत तशी ठेवा. मोबाईलवर विकताना पण पैसे भरायच्या बटणाच्या वर हेच चार प्रश्न दिसू देत. मावसभावाने त्या रात्री चार वेळा नाही वाचलं असतं तर तो नक्की थांबला असता, कारण चालवणाऱ्याच्या वैयक्तिक अपघात विम्याला लागणारे जास्तीचे पैसे त्याच्या हॉस्पिटलच्या एका दिवसाच्या बिलाच्या मानाने काहीच नव्हते, आम्ही नंतर विचारून आलो.

आणि संपादक साहेब, आपल्यालापण एक विनंती. स्वस्त पॉलिसीवर परत लेख आला तर दराच्या टेबलमध्ये ह्या चार प्रश्नांचे चार रकाने वाढवा. जागा जास्त जाईल, जाऊ दे.

मावसभावाच्या मनगटातला रॉड काढायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्याची बायको बरी आहे, कोपर अजून पूर्ण सरळ होत नाही, व्यायाम चालू आहे. गाडी दुरुस्त करून विकायची म्हणतोय तो, आणि घेणाऱ्याला सांगून ठेवलंय की आधी गाडी आणि पॉलिसी दोन्ही तुझ्या नावावर करू, मगच किल्ली देईन.

कळावे,
आपला एक नियमित वाचक