संशोधन करणाऱ्या पोरांना तालुक्यात एक खोली द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यात राहून प्राणीशास्त्रात पीएचडी करते, विषय कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांबद्दल पेपरात नेहमी वाचायला भेटते, पण एमएस्सी करून गावाकडेच संशोधन करणारी पोरं कुठं बसतात, कोणाशी बोलतात यावर कोणी लिहित नाही म्हणून हे पत्र.

नागपूर-पुण्याच्या मोठ्या संस्थेत लॅबमध्ये पाच-दहा जण तरी सोबत राहतात. आमच्या इकडे एका गाइडकडे कधीकधी एकटाच विद्यार्थी, तोही तासिका तत्त्वावर शिकवून वेळ काढणारा. नेट-जेआरएफ, म्हणजे परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची सरकारी फेलोशिप, असली तर 2023 पासून महिन्याला 37,000 भेटतात, पण ते किती जणांना? प्रयोग फसला तर सांगायचं कोणाला हा खरा प्रश्न आहे. घरी सांगितलं की आई म्हणते "मंग सोडून दे ना बाई", आणि गावात भेटेल तो विचारते "अजून शिकूनच राहिली का?" मायेनंच विचारतात, पण दर लग्नात तेच उत्तर देऊन जीव थकते.

कामही असं की सुट्टी नाही. कपाशी दीड महिन्याची झाली की कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे, रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे, सलग 3 रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली समजतात, म्हणजे मधात एक दिवस जरी चुकला तरी नोंद तुटते. अळी बोंडाच्या आत बसते, वरून बोंड हिरवंगार दिसते, फोडल्यावर कळते की सरकी खाऊन टाकली. धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी विचारते, "मॅडम, फवारू का?" 2017 ला याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यामुळं हो म्हणायच्या आधी पोटात गोळा येते. हे ओझं एकटीनं रोज उचलायचं काम नाही.

मागच्या हंगामात आजूबाजूच्या कॉलेजातले आम्ही काही जण एकत्र आलो, कोणी वनस्पतीशास्त्रातलं, कोणी केमिस्ट्रीचं, एक जण मातीचे नमुने तपासणारा. गावातल्या प्रार्थना मंदिरात दुपारी जागा रिकामी राहते, तिथं रविवारी बसतो. सगळ्यात मोठा फायदा असा झाला की आम्ही एकमेकांची पाळी धरायला लागलो. पोळ्याला माझे सापळे मातीवाल्या मित्रानं मोजले, फोटो काढून आकडे पाठवले, मी घरी पुरणपोळ्या लाटल्या आणि तान्हा पोळा भाच्यासोबत पाहिला. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पीएचडी करणाऱ्या महिलांना 6 वर्षांवर आणखी 2 वर्षं आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे, हे मला कोणत्या ऑफिसनं नाही, याच बैठकीत एका लग्न झालेल्या ताईनं सांगितलं.

दर सहामाहीला सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावी लागते ते बरोबरच आहे, पण तिथं कोणी झोप येत नाही म्हणून सांगत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे आणि गरज असली तर लावायलाच पाहिजे, तरी बरंच काही त्याच्या आधी चहावर बोलून मोकळं होते.

म्हणून मागणी एवढीच आहे की प्रत्येक तालुक्यातल्या एका कॉलेजनं महिन्यातून एक दिवस एक खोली, पंखा आणि इंटरनेट संशोधक विद्यार्थ्यांना द्यावं, कोणत्याही विषयाचे, कोणत्याही कॉलेजचे असोत, आणि गाइड सरांनी त्या दिवशी कामाला बोलवू नये. याला वेगळा निधी लागत नाही, प्राचार्यांनी मनावर घेतलं तर दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की सुरू होऊ शकते. तोवर आमच्या बैठकीला दिग्रस-नेर कडच्या पोरापोरींनी बिनधास्त यावं, नवीन डेटा नसला तरी चालते.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ